कोकेनचा उगम आणि केळ्यांच्या वाटेने होणारा त्याचा प्रवास

नकाशावेडा :

अमुक इतक्या कोटींचे कोकेन पकडल्याची बातमी येते, तेव्हा कोटींचा आकडा मथळ्यात असतो आणि माल मुळात निघाला कुठून, हा प्रश्न बातमीच्या शेवटच्या ओळीत ‘दक्षिण अमेरिकेतून’ एवढ्यावर निकालात काढलेला असतो. उभी नोकरी भूगोल शिकवण्यात गेल्यामुळे ही शेवटची ओळ मला फार खटकते. म्हणून या विषयावर जे वाचले ते येथे मांडतो आहे. जाणकारांनी भर घालावी आणि चुकले असेल तेथे कान धरावा.

आधी एक नेहमीचा गोंधळ दूर करू. चॉकलेट ज्याचे होते तो कोको वेगळा, आपले कोकम वेगळे आणि कोकेन जिच्या पानांतून काढतात ती कोका वेगळी. कोका हे साधारण माणसाच्या उंचीपर्यंत वाढू दिले जाणारे झुडूप असून अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील उतारांवर, म्हणजे डोंगर संपून ॲमेझॉनचे जंगल सुरू होते त्या उष्ण, दमट पट्ट्यात ते उत्तम येते. एकदा लावले की बरीच वर्षे टिकते आणि वर्षातून तीन-चार वेळा त्याची पाने खुडता येतात. बोलिव्हियातील युंगास आणि चापारे, पेरूमधील वायागा नदीचे खोरे आणि अपुरिमाक, एने व मांतारो या नद्यांचा दुर्गम प्रदेश, तसेच कोलंबियातील कातातुंबो, काउका, नारिन्यो आणि पुतुमायो ही नावे नकाशावर शोधून पाहावीत, कारण जगातले जवळजवळ सगळे कोकेन या मोजक्या ठिकाणच्या पानांतून येते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने केलेल्या मोजणीनुसार २०१३ साली कोलंबियात ४८ हजार हेक्टरांवर कोका होती आणि २०२३ साली तीच २ लाख ५३ हजार हेक्टरांवर पोहोचली. त्या वर्षीचे जगाचे कोकेनचे एकूण उत्पादन ३,७०८ टन असावे, असा याच कार्यालयाचा अंदाज आहे.

पान आणि पूड यांत मात्र फरक केला पाहिजे. अँडीजमधली माणसे हजारो वर्षे कोकाची पाने गालात धरत आली आहेत आणि त्यासोबत ती चुना किंवा झाडांची राख घेतात, कारण त्या क्षारामुळे पानातले द्रव्य सुटे होऊन अंगी लागते. आपल्याकडच्या विड्याला चुना लावणाऱ्या कोणालाही हे नव्याने समजावून सांगावे लागणार नाही. पानात कोकेनचे प्रमाण एक टक्क्याच्या आतबाहेर असते. त्याने भूक आणि थकवा मरतो, उंचीवरचा त्रास कमी होतो, एवढेच. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणींत राबणारे मजूर याच पानावर तग धरत होते, आणि प्रथम या पानाला सैतानी म्हणणाऱ्या स्पॅनिश सत्तेला त्याच्या व्यापारावर कर घेण्यात पुढे काही गैर वाटले नाही.

पानाची पूड झाली ती युरोपात. १८६० च्या सुमारास ग्योटिंगेन येथे आल्बेर्ट नीमान या जर्मन रसायनज्ञाने पानातले द्रव्य शुद्ध रूपात वेगळे करून त्याला कोकेन हे नाव दिले. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने व्हिएन्नात डोळा बधिर करण्यासाठी त्याचा उपयोग दाखवला आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेत क्रांती झाली. मागणी वाढली तशी डच लोकांनी ही झुडपे जावा बेटावर नेऊन लावली, आणि पहिल्या महायुद्धाच्या आसपास पेरूला मागे टाकून जावा हाच कोका पानांचा सर्वांत मोठा निर्यातदार झाला होता. जपानने फोर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानमध्ये, लागवड केली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पूर्वेकडची शेती संपली.

माझा सगळा मुद्दा या जावावर उभा आहे. कोका अँडीजमध्येच पिकते, कारण ती दुसरीकडे पिकूच शकत नाही, असे नाही. जेथे रस्ता पोहोचत नाही, सरकार पोहोचत नाही आणि दुसरे पीक बाजारात नेईपर्यंत सडते, तेथे ती पिकते. आणि तेथून जी वाट ती धरते ती काही चोरवाट नसते. ती आपल्या फळांची, लाकडाची, भंगाराची आणि कॉफीची रोजची व्यापारी वाट असते.

शंकासुर :

धागा उत्तम आहे, परंतु एक सरळ प्रश्न विचारतो. कुठे पिकते हे जर हेक्टरांपर्यंत मोजता येते, तर ते जाळून का टाकत नाहीत? उपग्रहातून दिसणारे शेत नष्ट करण्यापेक्षा लाखो कंटेनरांत लपलेली पिशवी शोधणे सोपे आहे, असे कोणी म्हणेल का? मला तरी ही ‘रस्ता नाही, सरकार नाही’ ही मांडणी गुन्हेगाराला सहानुभूती देणारी वाटते.

नकाशावेडा :

शंकासुर, आपला प्रश्न रास्त आहे आणि तो अमेरिकेनेही चाळीस वर्षे विचारला आहे. उत्तरही चाळीस वर्षे एकच मिळते आहे. त्याला या विषयाचे अभ्यासक फुग्याची उपमा देतात, म्हणजे एका बाजूने दाबला की तो दुसऱ्या बाजूने फुगतो.

१९८० च्या दशकात सर्वांत जास्त कोका पेरूत आणि बोलिव्हियात पिकत होती आणि तिचा अर्धवट तयार केलेला माल लहान विमानांनी कोलंबियातील प्रयोगशाळांत जात होता. १९९० च्या दशकात पेरूने अमेरिकेच्या मदतीने ही विमाने पाडण्याचे धोरण स्वीकारले. हवेतली वाट बंद झाली, पेरूत पानाचे भाव कोसळले आणि लागवड कोलंबियात सरकली. २००० साली कोलंबियात १ लाख ६३ हजार हेक्टर कोका होती. विमाने पाडण्याच्या या धोरणाचा शेवट कसा झाला तेही सांगितले पाहिजे. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकी मिशनऱ्यांचे एक विमान तस्करांचे समजून पाडले गेले, एक आई आणि तिचे तान्हे मूल मेले, आणि कार्यक्रम थांबवावा लागला.

दरम्यान २००० साली ‘प्लॅन कोलंबिया’ ही कोलंबियाला अमेरिकी मदत देणारी योजना आली होती. विमानांतून तणनाशक फवारले गेले. लागवड घटली, हे खरे आहे. परंतु फवारा शेजारच्या मक्यावर आणि केळीवरही पडत होता. लागवड विखुरली, लहान लहान तुकड्यांत जंगलात आत गेली, आणि आरोग्याच्या चिंतेमुळे २०१५ मध्ये कोलंबियानेच ही फवारणी थांबवली. २०१६ मध्ये फार्क या बंडखोर सेनेशी शांतता करार झाला. फार्कने सोडलेल्या मुलखात सरकारने रस्ते, शाळा आणि पर्यायी पीक घेऊन पोहोचायचे होते, परंतु त्याआधी दुसऱ्या सशस्त्र टोळ्या पोहोचल्या. जानेवारी २०२५ मध्ये कातातुंबोत ईएलएन ही दुसरी बंडखोर संघटना आणि फार्कमधून फुटलेला गट यांच्यात जी लढाई पेटली, तीत ५० हजारांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली.

सहानुभूतीविषयी म्हणाल, तर पाने खुडणाऱ्या मजुराच्या बोटांचा जवळून काढलेला फोटो मी पाहिला आहे. फांदीवरून पाने ओरबाडताना कातडी सोलली जाते, म्हणून प्रत्येक बोटाला जुन्या कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या असतात. या माणसाला पूड कशी असते ते ठाऊक असेलच असे नाही. कोलंबियात एक किलो कोकेनला काही हजार डॉलर, युरोपच्या बंदरावर त्याच किलोला काही दहा हजार आणि ऑस्ट्रेलियात लाखाच्या घरात, असा ढोबळ हिशेब धरला तर पैसा शेतात नसून वाटेत आहे, हे उघड दिसते. शेत जाळले तर पानाचा भाव वाढतो, पण अंतिम किमतीत पानाचा वाटा इतका नगण्य आहे की विकणाऱ्याला त्याचा चटकाही बसत नाही.

चहाटळ :

पानाविषयीच्या विवेचनाला दुजोरा देतो. कामानिमित्त काही महिने ला पाझ येथे होतो. विमानतळच ४,००० मीटरच्या वर आहे. उतरल्या उतरल्या डोके ठणकू लागले, तेव्हा हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या बाईंनी काही न विचारता कपात मूठभर पाने टाकून वर गरम पाणी ओतून दिले. चव गवती चहा आणि वाळलेला पाला यांच्या मधली. झिंग शून्य, डोके मात्र तासाभरात हलके झाले. बाजारात हीच पाने भाजीसारखी पोत्यातून तागडीने मोजून विकली जातात. भारतात परतताना सामानात एकही पाकीट राहिलेले नाही ना, हे मी तीन वेळा तपासले होते, कारण तेथला चहा इकडे सरळ गुन्हा ठरतो.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पानालाही कोकेनच्याच पंक्तीला बसवले आहे. बोलिव्हियाने २००९ च्या राज्यघटनेत कोकाला वारसा म्हणून संरक्षण दिले, मग त्या करारातून बाहेर पडून २०१३ मध्ये पान चघळण्याची सवलत राखून पुन्हा प्रवेश केला. त्या वेळचे अध्यक्ष एव्हो मोरालेस हे स्वतः चापारेच्या कोका उत्पादकांचे पुढारी होते. पेरूत तर एनाको ही सरकारी कंपनीच परवानाधारक शेतकऱ्यांकडून पान विकत घेते. मात्र एक कबूल करावे लागेल, की चापारेची सगळी पाने चहाच्या कपात जात नाहीत, आणि हे तेथली माणसेही खासगीत मान्य करतात.

शंकासुर :

ठीक, शेताचा मुद्दा तूर्त सोडतो. आता वाटेविषयी सांगा. लहानपणापासून पाब्लो एस्कोबार, मायामी आणि मेक्सिको हेच ऐकत आलो आहे. अलीकडे सगळ्या बातम्या बेल्जियम आणि इक्वादोरच्या का असतात? आणि व्हेनेझुएलाचे प्रकरण नक्की काय आहे?

नकाशावेडा :

तीन प्रश्न एका दमात विचारलेत, म्हणून क्रमाने जातो.

१९७० च्या दशकाच्या आधी या धंद्याचे रसायन जाणणारी मंडळी बरीचशी चिलीत होती. १९७३ च्या लष्करी उठावानंतर पिनोचेतच्या राजवटीने त्यांना उखडून काढले आणि धंदा कोलंबियाच्या हाती गेला. फुग्याचे हे आणखी एक उदाहरण. एस्कोबारच्या मेदेयिन शहरातील टोळीने कॅरिबियन समुद्रावरून फ्लोरिडा गाठला. कार्लोस लेदेर याने तर बहामातील नॉर्मन्स के हे बेटच विमानांचा तळ म्हणून वापरले. १९८२ पासून अमेरिकेने फ्लोरिडाचा किनारा आवळला, तेव्हा माल मेक्सिकोतून जमिनीच्या वाटेने जाऊ लागला. मेक्सिकोच्या टोळ्या आधी केवळ हमालीचे पैसे घेत होत्या, पुढे त्या मजुरी मालातच घेऊ लागल्या आणि कोलंबियनांपेक्षा मोठ्या झाल्या. हमालाने दुकान घेतले, असे आपण म्हणू.

व्हेनेझुएलात कोकाची लागवड नगण्य आहे. तो वाटेवरचा देश आहे, उगमाचा नाही. अमेरिकेकडे जाणारा मोठा भाग प्रशांत महासागराच्या बाजूने, म्हणजे कोलंबिया आणि इक्वादोरच्या पश्चिम किनाऱ्यावरून, मध्य अमेरिका व मेक्सिकोकडे जातो. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने कॅरिबियनमध्ये बोटींवर जे हल्ले सुरू केले त्यांचे राजकारण काय असेल ते असो, भूगोलाच्या दृष्टीने मुख्य वाट ती नव्हे.

आता इक्वादोर. या देशात कोका जवळजवळ पिकत नाही, परंतु त्याच्या एका बाजूला कोलंबिया आणि दुसऱ्या बाजूला पेरू आहे, चलन अमेरिकी डॉलर आहे, आणि केळ्यांच्या निर्यातीत तो जगात पहिला आहे. ग्वायाकिल बंदरातून दर आठवड्याला हजारो शीत कंटेनर युरोपला जातात. केळी साधारण १३ अंश तापमानाला न्यावी लागतात आणि ती थांबत नाहीत. प्रत्येक पेटी उघडून पाहायची म्हटले तर केळी बंदरातच पिकून काळी पडतील. तस्करांना नेमके हेच हवे असते, म्हणजे घाईचा, नाशवंत आणि प्रचंड प्रमाणातला वैध माल. याची किंमत त्या देशाने मोजली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार फेर्नांदो व्हियाविसेन्सिओ यांची प्रचारसभेबाहेर हत्या झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारला अंतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर करावा लागला.

दुसरे टोक म्हणजे बेल्जियममधील अँटवर्प आणि नेदरलँड्समधील रॉटरडॅम ही बंदरे. अँटवर्पमध्ये वर्षाला १ कोटी २० लाखांहून अधिक वीस-फुटी कंटेनरांएवढा माल हाताळला जातो. २०२३ साली तेथे ११६ टन कोकेन पकडले गेले. २०२४ साली ते ४४ टनांवर आले, तेव्हा तस्करी घटली म्हणून आनंद मानायचा, की माल लहान बंदरांकडे वळला म्हणून चिंता करायची, यावर अधिकाऱ्यांत मतभेद आहेत. मी दुसऱ्या बाजूचा. ब्राझीलचे सांतुस बंदर आणि तेथली पीसीसी ही तुरुंगात जन्मलेली टोळी, पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊची बेटे, स्पेनमधील गालिसियाचा किनारा, या सगळ्या वाटा एकाच वेळी चालू असतात. २०१९ च्या नोव्हेंबरात गालिसियात तर सुमारे ३ टन माल घेऊन अटलांटिक ओलांडून आलेली अर्धपाणबुडी सापडली.

शेवाबंदर :

मी न्हावा शेवा येथे कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे, म्हणून आपल्या दाराशी काय येते ते सांगतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाने, येथेच दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून ५० किलो कोकेन काढले. फळे दक्षिण आफ्रिकेची असली तरी कोकेन तेथले नव्हे, ते तेथे आधीच अटलांटिक ओलांडून आलेले असते. २०२१ मध्ये तुतिकोरिनला लाकडाच्या ओंडक्यांत ३०० किलोंच्या आसपास सापडले. तो कंटेनर पनामाहून अँटवर्प आणि कोलंबो करत आला होता. २०२२ च्या मे महिन्यात मुंद्र्याला मिठात ५२ किलो मिळाले आणि ते मीठ इराणहून आलेले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत आधी ५६० किलो, मग नमकीनच्या पाकिटांत २०८ किलो आणि त्यानंतर अंकलेश्वरला ५१८ किलो पकडले गेले.  याशिवाय विमानतळावर पोटात कॅप्सूल गिळून येणारे प्रवासी असतात. त्यांत बहुतेक जण आफ्रिकेतून विमान बदलून येतात आणि त्यांना रुग्णालयात दाखल करून दिवसेंदिवस वाट पाहावी लागते. कायद्याने १०० ग्रॅमपेक्षा जास्त कोकेन हे ‘व्यावसायिक प्रमाण’ मानले जाते आणि त्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे.

कंटेनरच्या दारावर जे सील असते त्याला आम्ही ‘गोळी’ म्हणतो. तिचा क्रमांक बिल ऑफ लेडिंगवरच्या, म्हणजे मालासोबतच्या जहाज कंपनीच्या कागदावरच्या, क्रमांकाशी जुळवणे हे आमच्याकडच्या नव्या मुलाचे पहिले काम असते. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका नासपतींच्या कंटेनरवर गोळीचा एक अंक वेगळा निघाला. तीन दिवस शीत कंटेनर विजेच्या प्लगवर उभा, एकेक पेटी उतरवून तपासणी, श्वानपथक, भाडे चढत चाललेले, आणि आयातदार फोनवर मला शिव्या देतो आहे. शेवटी निघाले काय, तर पलीकडच्या बंदरात कोणी तरी कागदावर ८ ऐवजी ३ टंकला होता. निम्मी फळे मऊ पडून वाशीला मातीमोल गेली. तरीही त्या तीन दिवसांत मला झोप लागली नव्हती, कारण कागदावर सही माझी होती.

जुनीमुंबई :

शेवाबंदर यांच्या प्रतिसादावरून एक आठवले. कोकेन मुंबईला नवे नाही. १९०० नंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबई आणि कलकत्ता येथे कोकेन पानाच्या विड्यातून खाल्ले जात होते आणि सरकारी बंदी असूनही उघड मिळत होते. म्हणजे नकाशावेडा यांनी सांगितलेला अँडीजचा चुना येथे विड्यात आपोआप हजर होता. माल येत असे तो युरोपातून. दार्मश्टाटच्या मर्क कंपनीचा शिक्का असलेल्या बाटलीला भाव जास्त मिळत असे, आणि बोटींवरचे खलाशी तो किनाऱ्यावर उतरवत. पहिल्या महायुद्धात जर्मन माल तुटला, तेव्हा त्याची जागा जपानी मालाने घेतली. उगम बदलला, बोटी बदलल्या, गोदी तीच राहिली.

डेकवरचा :

खलाशांचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. मी रत्नागिरीकडचा, गेली सोळा वर्षे बोटीवर आहे आणि सध्या सुट्टीवर घरी आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची फेरी लागली की आमच्या घरचे लोक वादळापेक्षा याच गोष्टीला अधिक घाबरतात. माल आमच्या बोटीत सापडला तर तो कोणी ठेवला हे सिद्ध होईपर्यंत पासपोर्ट आमचा अडकतो. २०१९ मध्ये फिलाडेल्फियात एका कंटेनर बोटीवर सुमारे २० टन माल सापडला, तेव्हा बोटीवरच्याच काही जणांनी तो भर समुद्रात चढवून घेतल्याचे उघड झाले आणि त्यांना शिक्षा झाली. तेव्हापासून प्रत्येक खलाशाकडे त्याच नजरेने पाहिले जाते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पण आमच्यापैकी बहुतेकांना बारा तासांच्या पाळीनंतर फक्त गादी दिसत असते.

ग्वायाकिलला नदीतून आत जावे लागते. धक्क्याला लागल्यापासून डेकवर सशस्त्र पहारेकरी असतात, शिडीवर एक माणूस कायम, आणि रात्री पाण्यावर प्रकाशझोत, कारण लहान होड्यांतून कोणी येऊन चढू नये. निघण्याआधी पाणबुडे उतरवून बोटीचा तळ तपासतात, कारण पाण्याखालच्या जाळीमागे किंवा बुडाला चिकटवूनही माल पाठवला जातो. मागच्या खेपेला आमचे चढणारे शेवटचे कंटेनर केळ्यांचे होते. मी आणि एक फिलिपिनो सहकारी टॉर्च घेऊन एकेका दारासमोर उभे राहून गोळीचा फोटो काढत होतो, क्रमांक मोठ्याने वाचत होतो आणि तो वहीत लिहून घेत होता. पाणबुड्यांना गढूळ पाण्यात दिसत नव्हते, म्हणून त्यांनी भरती फिरेपर्यंत थांबायला सांगितले. काहीही सापडले नाही. आम्ही सहा तास उशिरा निघालो, आणि अँटवर्पला पोहोचल्यावर पहिल्यांदा वर चढला तो कुत्रा घेऊन आलेला कस्टमवाला होता.